मांजराचा गळपट्टा

पाळीव मांजराच्या गळ्यात ओळखीसाठी, शोभेसाठी किंवा त्याच्या शिकारीला आळा घालण्यासाठी बांधलेला पट्टा. त्याला नावाचा बिल्ला किंवा घुंगरू जोडतात. पिसवांवरचे औषध मुरवलेला पट्टा हा त्याचाच एक प्रकार होय. कुत्र्याच्या पट्ट्याचे निकष येथे लागू पडत नाहीत. कुत्र्याचा पट्टा ओढ सहन करण्यासाठी असतो. मांजराचा पट्टा मात्र ओढ बसताच सुटला पाहिजे.

प्राचीनता : सक्कारा (इजिप्त) येथील पाचव्या राजवंशाच्या काळातील (सु. इ. स. पू. २५००–२३५०) एका थडग्यात गळ्यात पट्टा असलेले मांजर दाखवले आहे. हाच या पट्ट्याचा सर्वांत जुना पुरावा असे सामान्यतः मानतात. मात्र ते पाळीव मांजर, की पकडून माणसाळवलेले रानमांजर, याविषयी एकमत नाही. पट्ट्यावरून प्राणी ताब्यात होता एवढेच ठरते, तो पाळीव वंशाचा होता असे ठरत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक सावध वाटते. उलट, सायप्रसमधील शिलूरोकांबोस येथे माणसाशेजारी पुरलेले सु. ९,५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडले असून (शोध प्रसिद्ध २००४) पट्ट्याचा पुरावा नसतानाही ते माणूस व मांजर यांच्या सहवासाची साक्ष देते. इजिप्तमधीलच थीब्झ येथील नंतरच्या थडग्यांतील चित्रांत खुर्चीखाली बसलेली मांजरे दिसतात. त्यांपैकी काही खुर्चीच्या पायाला बांधलेली आहेत. तो गळपट्टा मानावा की नुसते दावे, हे अभ्यासकाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. ब्रिटिश म्युझियममधील गेयर-अँडरसन मांजर या काशाच्या मूर्तीच्या (सु. इ. स. पू. ६००) गळ्यातील चांदीचे आभूषणही पुष्कळदा पट्टा म्हणून दाखवतात, पण ती देवतामूर्ती असल्याने तो अलंकार समजणेच योग्य.

घुंगराची प्रथा किती जुनी हे ठरवताना ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?’ या उक्तीमागील कथेचा दाखला देतात. ती इसापच्या नावावर सांगितली जात असली, तरी प्राचीन ग्रीक व लॅटिन संग्रहांत ती आढळत नाही. यूरोपात ती तेराव्या शतकाच्या सुमारास ओडो ऑफ चेरिटन या इंग्रज धर्मोपदेशकाच्या लॅटिन नीतिकथांत येते. शिवाय कथेत घंटा शेवटपर्यंत बांधली जातच नाही, तेव्हा प्रथेचा पुरावा म्हणून तिचा उपयोग बेताचाच.

इजा : पट्टा सैल असला, की तो काढू पाहणाऱ्या मांजराचा पुढचा पाय त्यात जातो आणि पट्टा मानेवरून तिरका होऊन काखेत रुततो. प्रत्येक पावलागणिक तेथील कातडी घासली जाते. अशी जखम वरून केसांनी झाकलेली राहते, भरली तरी हालचालीने पुन्हा उकलते आणि काही वेळा शस्त्रक्रियेवाचून बरी होत नाही. अंग चाटताना खालचा जबडाही पट्ट्यात अडकू शकतो. कुंपण किंवा फांदी यांत अडकलेल्या न सुटणाऱ्या पट्ट्याने गळफास बसतो. वाढत्या पिलाचा पट्टा वेळोवेळी सैल केला नाही, तर तो मानेच्या कातडीत रुततो. पट्टा व मान यांत दोन बोटे सपाट सरकतील एवढीच जागा ठेवावी.

बक्कल : पट्ट्याची सुरक्षितता कापडावर नव्हे, बक्कलावर अवलंबून असते. साध्या बक्कलाचे दोन्ही काटे बोटांनी दाबल्याशिवाय ते उघडत नाही. आपोआप सुटणाऱ्या बक्कलाचे काटे नुसत्या ओढीने निसटतात. ते हाताने ओढून पाहिल्यावरच वापरावे, कारण हलक्या मांजराच्या वजनाला न सुटणारी बक्कलेही ‘सुरक्षित’ म्हणून विकली जातात. इलॅस्टिकचा पट्टा हा पर्याय समाधानकारक नाही : तो ताणतो, पण सुटत नाही, आणि ताणल्यामुळेच पाय आत जाण्यास वाव मिळतो. अमेरिकेत ५३८ मांजरांवर सहा महिने केलेल्या एका पाहणीत (२०१०) ३९१ मांजरांनी पट्टा शेवटपर्यंत वागवला, तर १८ मांजरांच्या बाबतीत पाय, तोंड किंवा पट्टा अडकण्याचे प्रकार घडले. सुटणारा पट्टा हरवणारच. ते त्याचे न्यून नसून कार्य होय.

मायक्रोचिप : पट्टा हरवला तरी ओळख टिकावी, यासाठी हा मुख्य पर्याय. तांदळाच्या दाण्याएवढ्या (लांबी सु. १२ मिमी.) काचेच्या कुपीतील ही चिप पशुवैद्य जाड सुईने दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सोडतो. तिच्यात विद्युत् घट नसतो. स्कॅनरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार वारंवारता १३४.२ किलोहर्ट्‌झ व क्रमांक १५ अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे (भारत ३५६) किंवा ९०० पासून पुढे असल्यास सहसा उत्पादकाचे असतात. अमेरिकेत १२५ व १२८ किलोहर्ट्‌झच्या चिपाही वापरात आल्याने सर्व वारंवारता वाचणारा स्कॅनर लागतो. वरील २०१० च्या पाहणीअखेर तपासलेल्या ४७८ चिपांपैकी ४७७ चालू होत्या. चिपवरून मांजर कोठे आहे हे कळते, हा गैरसमज फार रूढ आहे. चिपमध्ये मालकाचे नावही नसते. ते नोंदवहीत असते, आणि चिप असूनही मालक न सापडण्याचे एक प्रमुख कारण नोंदीतील चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक हे आढळले आहे. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचे होण्यापूर्वी चिप बसवणे सक्तीचे आहे.

शिकार : घुंगरामुळे शिकार घटते असे जुने प्रयोग सांगतात, २००५ च्या एका अभ्यासात घरी आणलेले सस्तन प्राणी ३४% व पक्षी ४१% कमी आढळले. एक्सटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मात्र घुंगराचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. त्यात मांसप्रधान, धान्यविरहित आहाराने शिकार ३६% आणि रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या खेळाने २५% घटली. या दोन्ही उपायांना गळ्यात काहीच बांधावे लागत नाही.

इतर : दोरीने बाहेर नेताना ओढ छातीवर घेणारा हार्नेस वापरतात, तो घालून मांजर एकटे सोडू नये. कुत्र्यांसाठीच्या काही औषधी पट्ट्यांतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असते. कानात क्रमांक गोंदण्याची पद्धत फ्रान्समध्ये चिपबरोबरच ग्राह्य आहे, परंतु गोंदण कालांतराने फिकट होते. मोकाट मांजराच्या कानाचे कापलेले टोक निर्बीजीकरण झाल्याची खूण असते, मालकीची नव्हे.