रुग्णालयाच्या चौकातली बाग : कोकणापुरती पार्श्वभूमी

रुग्णालयाच्या इमारतीत मधोमध सुटलेल्या चौकात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी बाग आखायची आणि राबून ती उभीही करायची, असे उपक्रम जगात बऱ्याच ठिकाणी झाले आहेत. कोकणात असं काही करायचं तर त्यामागचा इतिहास माहीत हवा, कारण त्यातलं काही इथे जसंच्या तसं लागू पडतं आणि काही पहिल्याच पावसात वाहून जाईल.

आजाऱ्याला मोकळी हवा आणि फिरायला जागा हवी, ही समजूत जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात उपचारासाठीचं घर कसं असावं ते सांगितलं आहे: भक्कम, एका बाजूने वारा खेळणारं, धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांपासून राखलेलं, आत सुखाने हिंडता-फिरता येईल असं. सेवकांमध्ये गाणारे-वाजवणारे आणि गोष्टी सांगणारेही असावेत, असं तिथेच म्हटलं आहे. युरोपात इ.स. ८२०च्या सुमाराचा सेंट गॉल या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मठाचा आराखडा टिकून आहे. त्यात आजाऱ्यांच्या इमारतीलगत औषधी वनस्पतींचे वाफे दाखवले आहेत. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकात लांबट, दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेल्या वॉर्डांचा आग्रह धरला. दोन वॉर्डांमध्ये मोकळी जागा सोडायची, म्हणजे उजेड आणि वारा दोन्ही आत येतात.

विसाव्या शतकात हे मागे पडलं. प्रतिजैविकं आली, लिफ्ट आली, वातानुकूलन आलं. खिडकीवाचूनही इमारत चालते म्हटल्यावर मजले एकमेकांवर चढले आणि चौकात जनरेटर, पाण्याच्या टाक्या, मोडक्या खाटा येऊन बसल्या.

मग १९८४ मध्ये रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाचा छोटा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, पहिल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध सगळीकडे सांगितला जातो आणि पुष्कळदा वाढवून सांगितला जातो. ते रुग्ण बागेत गेलेच नव्हते, नुसते खिडकीतून पाहत होते. बाग रोग बरा करते असं यातून निघत नाही. दुखणं थोडं सुसह्य होतं एवढं निघतं, आणि माझ्या मते चौक मोकळा करायला एवढं कारण पुरेसं आहे.

विद्यार्थ्यांच्या हातात थापी-फावडं येण्याची गोष्ट अलीकडची. अमेरिकेत येल विद्यापीठात १९६७ पासून चार्ल्स मूर यांच्या पुढाकाराने वास्तुकलेचे विद्यार्थी प्रत्यक्ष बांधकाम करू लागले. १९९३ मध्ये सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी अलाबामातल्या गरीब ग्रामीण भागात ‘रूरल स्टुडिओ’ हा विद्यार्थ्यांकडून बांधकाम करवणारा उपक्रम सुरू केला. वॉशिंग्टन विद्यापीठात डॅनियल विंटरबॉटम यांनी हीच पद्धत उपचारासाठीच्या बागांकडे वळवली.

कोकणात मात्र सुरुवात पावसापासून करावी लागते. किनाऱ्यावर हंगामात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दहा मीटर लांब-रुंद चौकात एवढ्याने तीन लाख लिटर पाणी थेट पडतं, पागोळ्यांचं वेगळं. जुन्या चौसोपी घरांनी याचं उत्तर दिलेलं आहे. चारी बाजूंनी पडवी, पुढे आलेली वळचण, चौकाच्या तळाला उतार आणि पाणी बाहेर काढणारी मोरी. रुग्णालयाच्या बागेतही आधी पडवी हवी. झड आत येणार नाही इतकी ती खोल असावी आणि चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा सुटावी. चार महिने रुग्ण बागेत उतरणार नाही, तो पडवीतूनच पाहणार आहे.

फरसबंदीला जांभा सुचतोच. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो; इथला आहे, दिसतोही छान. पण पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि नुकती शस्त्रक्रिया झालेला माणूस पाय घसरून पडू शकतो. म्हणून चिरा वाफ्यांच्या कठड्यांना वापरावा, बसता येईल एवढ्या उंचीचा. चालायची वाट खरखरीत काँक्रीटची करावी. झाडांचंही तसंच. कण्हेर आणि बिट्टी आवारात सर्रास लावतात, कारण पाणी घातलं नाही तरी जगतात. पण दोन्ही विषारी आहेत. लहान मुलांच्या किंवा मनोरुग्णांच्या वॉर्डालगत ती नकोतच. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, तेव्हा हा विचार कोकणात दूरचा नाही. सुरंगीचा, सोनचाफ्याचा वास आपल्याला प्रिय. केमोथेरपी चालू असलेल्याला मात्र त्याच वासाने मळमळू शकतं. त्यांच्या खिडकीखाली अबोली बरी, तिला वास नसतो.

परदेशी पुस्तकांत नातेवाईक फारसा नसतो, आपल्याकडे तोच जास्त वेळ थांबलेला असतो. गावाहून एसटीने आलेला, डबा घेऊन बसलेला, रात्री पाठ टेकायला जागा शोधणारा. चौकात त्याच्यासाठी सावलीतला कट्टा, पिण्याचं पाणी आणि टॉवेल वाळत घालायला दोरी आखली नाही, तर तो दोरी झाडालाच बांधेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

वेळापत्रकही इथलंच लागतं. वर्ग जून-जुलैत सुरू होतात, तेव्हा खणायला घेणं व्यर्थ. त्या सत्रात छत्री घेऊन चौकात उभं राहावं, पाणी कुठून येतं नि कुठे तुंबतं ते मोजावं, परिचारिकांशी आणि सफाई कामगारांशी बोलावं. बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून मेपर्यंत संपवावं, आणि लागवड मृगाच्या पावसावर. तोवर परीक्षा होऊन विद्यार्थी पांगलेले असतात. म्हणून रुग्णालयाचा माळी पहिल्या रेखाटनापासून सोबत हवा. नळ कुठे असावा, कुंपण किती उंच, पालापाचोळा कुठे कुजवायचा, हे त्याला विचारून ठरलं तर पुढचं शिंपण तोच करणार आहे.