दशक सुटा करताना

५२ मधून २७ वजा करून दुसरीतल्या एका मुलीने उत्तर लिहिले, ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सरळ सातातून दोन वजा केले. परळच्या एका शाळेत गणित शिकवू लागल्यावर पहिल्याच महिन्यात ही चूक मला अनेक वह्यांत दिसली. हा निष्काळजीपणा नव्हे. ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक, हे त्या मुलांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

मग मी ठोकळ्यांची पेटी आणली. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डीनेश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या ठोकळ्यांचा प्रसार केला. एक सेंटीमीटर बाजूचा घन म्हणजे एकक, तसे दहा जोडलेला दांडा म्हणजे दशक आणि दहा दांड्यांची पाटी म्हणजे शतक. यातली खरी खुबी ही की दांडा मोडत नाही. त्या मुलीने पाच दांडे आणि दोन सुटे मांडले, सात सुटे उचलायला हात पुढे केला आणि ती थांबली. बसमध्ये कंडक्टर सुटे पैसे मागतो, हे मुंबईतल्या मुलांना सांगावे लागत नाही; तिने एक दांडा पेटीत परत टाकून दहा सुटे मोजून घेतले, त्या बारांतून सात आणि चारांतून दोन दांडे बाजूला केले. उरले २५.

दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा ३५.

याचे कारण समजायला मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश यांचा १९८७ सालचा एक प्रयोग उपयोगी पडतो. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणे कुठे लपवले ते मुलांना दाखवून, खऱ्या खोलीत तसेच मोठे खेळणे त्याच जागी शोधायला सांगितले, तेव्हा तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते सापडले, पण अडीच वर्षांच्या बहुतेकांना सापडले नाही. प्रतिकृती ही स्वतः एक वस्तू असते आणि दुसऱ्या कशाची तरी खूणही. ही दोन्ही रूपे एकदम ध्यानात धरणे लहान मुलाला जड जाते. ठोकळ्यांचेही तसेच आहे. मी आधी ठोकळे आणि नंतर वही असा क्रम ठेवला होता, त्यामुळे मुलीच्या दृष्टीने ती दोन निराळी कामे होती. तेव्हापासून दांडा हलला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायचे, असा नियम आम्ही केला.

मराठी संख्यानामांमुळे आणखी एक पेच पडतो, तो शिकवणाऱ्याने ओळखून असावे. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, आणि एकोणतीसमध्ये तीस ऐकू येत असले तरी दशक दोनच असतात. तीन दांडे मांडून त्यातला एक सुटा करून एकक काढून घेतला, की 'एकोण' म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

तिसरीत गेल्यावर ती मुलगी दोन अंकी वजाबाक्या पेटीशिवाय करू लागली. ३०४ मधून १२७ वजा करताना मात्र तिने पेटी पुन्हा मागून घेतली, कारण मधल्या शून्याच्या जागी सुटा करायला दांडाच नव्हता. बराच वेळ ती तीन पाट्यांकडे पाहत राहिली, आणि मग एक पाटी परत करून तिने दहा दांडे मागितले.