काढून ठेव की काढून टाक?

आईनं सांगितलं होतं, ‘साय काढून ठेव.’ माझं लक्ष भलतीकडे. मी ऐकलं ‘काढून टाक’ आणि आठवड्याची साय गेली मोरीत. तूप हुकलं ते हुकलंच, वर ऐकून घ्यावं लागलं, ‘काय करून ठेवलंस हे!’

काम पुरं व्हायचं हे ‘काढून’मधल्या ‘ऊन’नं दोन्हीकडे सांगितलेलंच असतं. पुरं झाल्यावर त्याचं काय, ते पुढचं क्रियापद ठरवतं. बेळगावजवळच्या खानापूरकडे मे महिन्यात लाकडं फोडून ठेवतात. कशासाठी, हे कुणी विचारत नाही. तिथला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. ‘पावसासाठी’ म्हणायचीही गरज नाही, हेतू ‘ठेव’मध्येच बसलाय. ‘टाक’ला मात्र पुढचं काही नको असतं. अर्ज भरून ठेवला, म्हणजे तो अजून कपाटात, ऑफिस उघडायची वाट बघत. भरून टाकला, म्हणजे कटकट मिटली.

पण मग आईचं ‘करून ठेवलंस’? त्यात कसला आलाय हेतू! म्हणून ‘ठेवणे म्हणजे पूर्वतयारी’ असं शिकवतात ते मला अर्धवट वाटतं. मुळात झाल्या कामाचा परिणाम मागं उरतो, एवढंच ‘ठेवणे’ सांगतं. तो कामाचा असला तर तयारी, नसला तर घोळ.

बेळगावात शेजारच्या घरातून हेच कानडीत ऐकू येतं. साय बाजूला ठेवायची तर ‘तेगेदिडु’, फेकायची तर ‘तेगेदुहाकु’. ‘इडु’ म्हणजे ठेव, ‘हाकु’ म्हणजे टाक, घालसुद्धा. इथवर जोडी शब्दाला शब्द जुळते. पण ‘त्यानं खाऊन टाकलं’ म्हणायचं तर कानडीत ‘तिंदुबिट्ट’. हा ‘बिडु’, म्हणजे सोड. तो कशालाही चिकटतो, अगदी पावसालाही (कानडीत ‘मळे’): ‘मळे बंदुबिट्टितु’. त्याचं ‘पाऊस येऊन टाकला’ इथला कुणी मराठी माणूस करणार नाही. आपण म्हणतो, ‘पाऊस आलाच की!’ कारण ‘टाकणे’ला कुणीतरी काहीतरी करावं लागतं, आणि पाऊस नुसता येतो. ‘एकदाचं रडून टाक’ चालतं. ‘घसरून पडून टाकला’ म्हणून बघा, घरातली पोरंसुद्धा हसतील.