मॅनेजरला नारळ दिला की संघ वाचतो?

"संघ तळाला गेला की मॅनेजर बदला, निकाल लगेच सुधारतात." फुटबॉलप्रेमींमध्ये हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय (मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक). ते पटतं, कारण नवा माणूस आल्यावर गुण वाढलेले आपण स्वतः पाहिलेले असतात.

पण मॅनेजरला काढतात कधी? ओळीने चार-पाच सामने हरल्यावर. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये 20 संघ 38 सामने खेळतात आणि शेवटचे 3 खालच्या श्रेणीत जातात, त्यामुळे धीर लवकर सुटतो. अशा पडझडीत खराब खेळाबरोबर दुखापती असतात, गोलखांबाला लागून परतलेले चेंडू असतात, बलाढ्य संघांशी लागोपाठ पडलेली गाठ असते. हे कायम टिकत नाही. जुनाच मॅनेजर राहिला असता तरी संघ बऱ्याचदा सावरला असता. नेदरलँड्सच्या लीगचा अभ्यास करणाऱ्यांना हेच दिसलं: तशाच घसरणीत मॅनेजर न बदललेले संघही जवळपास तितकेच सावरले.

स्वतः पडताळायचंय? जुन्या हंगामाचे निकाल घ्या. सलग चार सामने हरलेले सगळे संघ शोधा, मॅनेजर बदललेले आणि न बदललेले वेगळे करा, पुढच्या पाच सामन्यांतले गुण मोजा. प्रतिस्पर्धी कोण, मैदान कुणाचं, हेही टिपा. एका हंगामावर थांबू नका, निदान दहा तपासा.

एखादा नवा मॅनेजर खरोखर संघ बदलतोही. पण परदेशात बसलेल्या मालकाला सराव दिसत नाही, गुणतक्ता दिसतो. मग काढलेल्या मॅनेजरला द्यायच्या भरपाईवर पैसा जातो, आणि संघाला हवा असलेला बचावपटू येतच नाही.