डॉक्टरांची तपासणी डॉक्टरांकडून: पार्श्वभूमी

या विषयाची सुरुवात पुण्यापासून करायला हरकत नाही. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेल्या विशीतल्या मुलाला उपचारांसाठी इथे आणलं, आणि दाखल केलं त्याच दिवशी रात्री तो गेला. पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड ओढल्यामुळे मृत्यू झाला, हा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये कायम ठेवला. डॉक्टरचं कसब न्यायाधीशांनी तोललं होतं.

1995 मध्ये पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. पण खरा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाचा. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्याच शाखेतल्या तज्ज्ञाचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं, निःपक्ष मत घ्यावं, असं त्यात सांगितलं. सरकारने नियम करेपर्यंतची ही सोय होती. अजूनही कारभार मुख्यतः तिच्यावरच चालतो. पुण्यात कागद ससून या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या समितीपुढे जातात. ऊठसूट अटका होऊ नयेत, हे योग्यच. पण ज्यांच्यासोबत शिकलो, ज्यांच्याबरोबर परिषदांना बसतो, त्यांच्याविरुद्ध मत लिहिणं किती अवघड असतं, याचा विचार निकालाने पुरेसा केला नाही. नातेवाइकांच्या हाती बहुतेकदा फक्त निष्कर्ष येतो, त्यामागची चर्चा नाही. 2009 मध्ये हीच अट ग्राहक मंचांनाही लावली गेली. 2010 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ती प्रत्येक प्रकरणात लागत नाही असं म्हटलं. त्या एका वर्षात तक्रारदारांची झालेली फरफट कुठेच नोंदलेली नाही.

यात मूळ गोष्ट मागे पडली. सर्जनने आपल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते मांडावं, हा आग्रह बोस्टनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच धरला गेला होता. आपल्याकडे मानांकन, म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र, हवं असलेल्या रुग्णालयांना कोणत्या डॉक्टरने कोणती शस्त्रक्रिया करायची हे आता ठरवून द्यावं लागतं, डेथ ऑडिट, म्हणजे झालेल्या मृत्यूंची तपासणी, तीही होते. मानांकन मात्र ऐच्छिक. नर्सिंग होमचा 1949 चा कायदा जागा, कर्मचारी, सोयी पाहतो. राज्यात डॉक्टरच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट, म्हणजे शिक्षण चालू ठेवल्याचे गुण, लागतात. ते परिषदांना हजेरी लावून मिळतात, आणि त्या पाच वर्षांत त्याचे किती रुग्ण बरे झाले हा प्रश्न त्या अर्जात विचारलेला नसतो.