तीन पेन्सांचा कर आणि फुटलेल्या तेरा वसाहती

अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटनपासून का फुटल्या, याचं उत्तर शाळेत ‘जाचक कर’ एवढ्यावर संपतं. आकडे पाहिले की ते पटत नाही. चहावरचा कर रत्तलामागे 3 पेन्स होता आणि तो 1767 पासून चालत आला होता. 1773 च्या कायद्याने तर चहा स्वस्तच होणार होता. तरी बोस्टनच्या लोकांनी तो बंदरात फेकला. त्यामागचं कारण समजायला दहा वर्षं मागे जावं लागतं.

1763 मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. कॅनडा फ्रेंचांच्या हातून गेला आणि ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. अमेरिकेत सुमारे 10,000 सैनिक ठेवायचे आणि त्यांच्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलायचा, असं लंडनने ठरवलं. वसाहतींच्या दृष्टीने वेळ नेमकी उलटी होती, कारण फ्रेंचांची भीती संपल्यावर हे सैन्य कशाला हवं होतं? त्याच वर्षी अ‍ॅपलेचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी आली. तिकडच्या जमिनींवर पैसा लावून बसलेले लोक दुखावले.

1764 चा साखर कायदा इथे बारकाईने पाहावा. रम गाळण्यासाठी लागणाऱ्या परदेशी मळीवर गॅलनला 6 पेन्स कर आधीपासून होता, पण तो कुणी भरत नसे; माल चोरून येई. नव्या कायद्याने दर निम्मा केला आणि वसुली मात्र खरी सुरू केली. पकडलेल्या मालाचे खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयात चालवायची सोय झाली. त्याच वर्षी वसाहतींच्या कागदी नोटांवर बंधनं आली. चांदीचं नाणं आधीच दुर्मीळ, आणि 1765 चा मुद्रांक कर भरायचा तोही स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश चलनात. दस्तऐवज, वर्तमानपत्रं, पदव्या, पत्त्यांचे जोड, सगळ्यांवर तो बसला. वकील आणि छापखानेवाले, म्हणजे बोलणारे आणि छापणारे, एकदम विरोधात गेले. कर लागू व्हायच्या आतच बहुतेक मुद्रांक अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. 18 मार्च 1766 ला कायदा मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर ‘सर्व बाबतींत’ कायदे करण्याचा आपला हक्क जाहीर केला.

पार्लमेंटमध्ये आपला एकही खासदार नाही, मग तिने आपल्यावर कर का बसवावा, असा वसाहतींचा आक्षेप होता. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचे तरी खासदार कुठे आहेत, असा त्यावर लंडनचा युक्तिवाद होता. तो कोता होता. मँचेस्टरची स्वतःची विधानसभा नव्हती. व्हर्जिनियाची 1619 पासून होती. बऱ्याच वसाहतींत गव्हर्नरचा पगार हीच सभा मंजूर करी, आणि त्याला वेसण घालायचं तिचं खरं साधन तेवढंच होतं. 1767 चे टाउनशेंड कर, म्हणजे अर्थमंत्री टाउनशेंडने चहा आणि इतर आयात मालावर बसवलेले कर, याच साधनावर घाव घालणारे होते. त्यांच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार परस्पर देता येणार होते. 1770 मध्ये बाकीचे कर उठले, चहावरचा ठेवला.

यापुढचा धागा बंगालमधून येतो. दिवाणी, म्हणजे बंगालचा महसूल गोळा करायचा हक्क, मिळूनही ईस्ट इंडिया कंपनी खंक झाली होती. हैदर अलीशी युद्ध, 1770 चा बंगालचा भीषण दुष्काळ आणि भागधारकांना वाटलेला भरमसाट लाभांश यांमुळे 1772 मध्ये तिचा कणा मोडला. लंडनच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चिनी चहा पडून होता. 1773 मध्ये पार्लमेंटने कंपनीला 14 लाख पौंड कर्ज दिलं, ब्रिटनमधलं शुल्क माफ करून चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली आणि रेग्युलेटिंग अ‍ॅक्टही केला. या शेवटच्या कायद्याने कंपनीचा मुंबईचा कारभार कलकत्त्याच्या अंकित झाला. म्हणूनच मुंबईने राघोबादादांशी मार्च 1775 मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने धुडकावला आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला.

आता बोस्टन. चहा कंपनीच्या निवडक आडत्यांमार्फत विकला जाणार होता. त्यात मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिचा, गव्हर्नर हचिन्सन याचे मुलगेही होते. बाकीचे व्यापारी बाजूला पडले, आणि डच चहा चोरून आणणाऱ्यांचा धंदाही बुडणार होता. नियम असा, की जहाज आल्यापासून 20 दिवसांत कर भरला नाही तर जकात खातं माल जप्त करणार. चहाचं ‘डार्टमाउथ’ हे जहाज 28 नोव्हेंबर 1773 ला आलं. माल न उतरवता परत जायला हचिन्सन परवाना देईना. जप्त झालेला चहा विकला गेला असता आणि कर वसूल झालाच असता. म्हणून मुदत संपायच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या.

लंडनने बोस्टनचं बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच, म्हणजे तिथल्या कारभाराचा आणि सभेच्या अधिकारांचा पायाच, बदलली. माझ्या मते खरी फूट इथे पडली. एका सभेचे अधिकार काढता येत असतील तर आपलेही काढता येतील, हे इतर वसाहतींनी ओळखलं. सप्टेंबर 1774 मध्ये बारा वसाहती फिलाडेल्फियात जमल्या. तरीही मागणी स्वातंत्र्याची नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्याशी गोळीबार झाल्यावर, जुलै 1775 मध्येसुद्धा, राजाकडे विनंतीअर्ज गेला. राजाने तो स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवलं. नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने सैन्यात येणाऱ्या बंडखोरांच्या गुलामांना मुक्तीचं वचन दिलं, तेव्हा दक्षिणेतले अनेक मळेवालेही फुटीकडे झुकले. स्वातंत्र्याच्या बाजूला हीही माणसं होती, हे लपवू नये.

4 जुलै 1776 च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध 27 तक्रारी आहेत. न्यायाधीशांचे पगार राजाच्या मर्जीवर ठेवल्याची तक्रार त्यांत नववी आहे. संमतीशिवाय कर बसवल्याची सतरावी.