एटीव्ही सुरू होत नाही? कार्ब बदलण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दारात गाड्यांची रांग लागते. नागाव, काशीद, मुरूडच्या वाळूत पर्यटकांना फिरवणाऱ्या ११० सीसीच्या एटीव्ही, म्हणजे जाड चाकांच्या चारचाकी मोटरसायकली असतात, फार्महाऊसवर मुलांसाठी घेतलेल्या छोट्या गाड्या असतात. मालकाचं म्हणणं बहुधा ठरलेलं: "कार्ब गेलाय, नवीन टाका." कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. नवीन कार्ब विकून आमचे दोन पैसे सुटतात हे खरं, तरीही आम्ही आधी जुना उघडून बघतो. कारण बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, बुजलेला असतो.

बुजतो कसा, ते समजून घ्या. जूनमध्ये गाडी शेडमध्ये लावली, ती थेट ऑक्टोबरात बाहेर काढली. मधल्या काळात कार्बच्या खालच्या वाटीतलं, म्हणजे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळट थर राहतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! मग आतल्या धातूवर पांढरी भुकटी धरते, पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर, हिरवा गंज चढतो. रेस न देता गाडी चालू राहायला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. ते बंद व्हायला असा एक कण पुरतो.

लक्षणांवरून बराच अंदाज येतो. चोक ओढल्यावर गाडी चालते आणि सोडला की बंद पडते, तर स्लो जेट बुजलाय. स्लोमध्ये ठीक चालते, पण पूर्ण रेस दिली की गुदमरते, तर मेन जेट किंवा एअर फिल्टर बघायचा. उभ्या गाडीच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर फ्लोटच्या नीडलखाली, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली, कचरा आहे, नाहीतर नीडलचं टोक झिजलंय. अशी गाडी बंद खोलीत ठेवू नका, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक लगेच बंद करा.

तार घालू नका

आमच्याकडे येणारे निम्मेअधिक बिघडलेले जेट गंजाने नाही, सेफ्टी पिनने बिघडलेले असतात. पितळ मऊ असतं. पोलादी तार फिरवली की भोक मोठं होतं, वाकडं होतं, आणि त्यानंतर ती गाडी कधीच नीट ट्यून होत नाही. जेट खोलून कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवा, मग हवेच्या दाबाने फुंका, डोळ्यांवर चष्मा लावून. भोकातून उजेड गोल दिसला की काम झालं. काही स्वस्त कार्बमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, तो निघत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी फुंकणं एवढंच हातात असतं.

क्लीनर मारण्याआधी ओ-रिंग आणि रबरी पॅकिंग काढून ठेवा, ती फुगतात. १५० सीसीच्या जीवाय ६ जातीच्या, म्हणजे स्कूटरसारख्या ऑटोमॅटिक इंजिनावर २४ मि.मी.चा व्हॅक्यूम कार्ब असतो. त्याच्या वरच्या टोपणाखाली पातळ रबरी पडदा असतो. त्यावर क्लीनर किंवा हवेचा झोत गेला, की पडदा संपला.

आणि कार्बला हात लावण्याआधी प्लग बघा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे का ते बघा, व्हॉल्व्हचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, तपासा. ११० सीसीच्या बहुतेक इंजिनांना तो थंड असताना ०.०५ मि.मी. लागतो. व्हॉल्व्ह घट्ट झाले की गाडी स्टार्टला त्रास देते आणि दोष बिचाऱ्या कार्बला लागतो.

खरंच बदलायचा झाला तर

कार्बची बॉडी गंजून खड्डे पडले असतील, स्लाइडची (थ्रॉटल दाबला की वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याची) जागा झिजून ती डगडगत असेल, किंवा मिक्श्चर स्क्रूचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूचे) आटे गेले असतील, तर साफसफाईवर पैसे घालवू नका. नवा घ्या, पण मापाचा घ्या. ११० सीसीला साधारण पीझेड १९, १२५ सीसीला पीझेड २० किंवा २२ बसतो. त्यातला आकडा म्हणजे तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नुसता आकडा जुळून भागत नाही. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर, फिल्टरकडच्या तोंडाचं बाहेरचं माप, चोक हाताच्या खटक्याचा आहे की केबलचा, आणि पेट्रोलची नळी कुठल्या बाजूला येते, हे सगळं जुळायला हवं. जीवाय ६ ला चोक विजेवर चालतो. गाडी चालू झाल्यावर तो तापतो आणि काही मिनिटांत जादा पेट्रोल बंद करतो. त्याची वायर जोडायची राहिली, तर गाडी गरम झाल्यावरही काळा धूर सोडत राहते.

कार्ब आणि इंजिन यांच्यामध्ये एक काळा जाड ठोकळा असतो. कचरा समजून तो टाकून देणारे बरेच भेटतात. इंजिनची उष्णता कार्बपर्यंत पोचू नये म्हणून तो असतो. दोन्ही बाजूंची पॅकिंग नवीन घाला आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकच बाजू आवळली तर तोंड वाकतं, फटीतून हवा शिरते आणि आयडलिंग वरखाली होत राहतं.

"त्यापेक्षा मोठाच टाकू, पिकअप वाढेल," असं तरुण मुलं हमखास म्हणतात. ११० सीसीला २६ मि.मी.चा कार्ब लावला, तर तोंडातून हवा हळू वाहते, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि वाळूत जिथे खालचा जोर हवा तिथेच गाडी मरते. मोठा कार्ब, मोकळा सायलेन्सर आणि बदललेला कॅम यांचा मेळ बसला तरच फायदा होतो. भाड्याने फिरवायच्या गाडीला त्याची गरज नाही.

ट्यूनिंग

इंजिन आधी पूर्ण गरम करा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, मग दीड फेरा बाहेर काढा. तिथून पुढे कानाने. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आहे, बाहेर काढला की घट्ट. हे उलटं लक्षात ठेवल्यामुळे कितीतरी जण तासन्‌तास चुकीच्या दिशेने फिरवत बसतात.

साध्या पेट्रोलच्या १ किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर आजचं पेट्रोल पातळ पडतं. प्लग पांढरा पडत असेल, सायलेन्सर फटके मारत असेल, तर स्लाइडमधल्या नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या. नीडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. हीच गाडी पाचगणीला नेली तर उलटं होतं. तिथे सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते, प्लग काळा पडतो. मेन जेट एक नंबर लहान करून घ्या.

थ्रॉटल अडकणं: यात तडजोड नाही

स्लाइडला एका बाजूने खाच असते, ती बॉडीतल्या पिनवर बसायला हवी. कापलेली कडा फिल्टरकडे असते. उलटी घातली तर थ्रॉटल उघडा राहतो आणि स्टार्टरचं बटण दाबताच गाडी पूर्ण वेगाने सुटते. समोर गर्दी असलेल्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको. म्हणून इंजिन बंद असताना अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा, स्लाइड खाली बसल्याचा टक्‌ आवाज यायलाच हवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघा. खाऱ्या हवेने केबल आतून गंजते. ती जड वाटली की तेल घालत बसू नका, बदला. मुलांच्या गाडीवर थ्रॉटलची मर्यादा ठरवणारा छोटा स्क्रू असतो. काम झाल्यावर तो पहिल्या जागी आणून ठेवा.

एअर फिल्टरचा फोम आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, फिल्टरचं तेल चोळून पिळून बसवा. फिल्टरशिवाय एक दिवसही चालवू नका. वाळू सिलिंडर खाते.

पावसाळ्याआधी

कॉक बंद करा, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब बाटलीत काढा. पंधरा मिनिटांचं काम. आमच्याकडे आणली तर आम्ही फुकट करून देतो, कारण ऑक्टोबरात तोच कार्ब खरवडण्यापेक्षा आम्हालाही हे बरं पडतं.

गाडी दुरुस्तीला आणताना जुना कार्ब फेकू नका, मोडका असला तरी सोबत आणा. आधी कुणी खोलला असेल तर तेही सांगा, आम्ही रागावणार नाही. सुटे पडलेले स्क्रू आणि स्प्रिंग एका डबीत घालून आणा, विशेषतः मिक्श्चर स्क्रूची बारीक स्प्रिंग. ती बाजारात सुटी सहज मिळत नाही.